निळीचं सीमोल्लंघन

नौपाड्यातून आंबिवलीला जाण्याला कुणी प्रवास म्हणत नाही. जाणारा माणूस पाण्याची बाटलीसुद्धा विसरतो आणि त्याचं काही अडत नाही. मी मात्र परवाच्या दसऱ्याला सकाळी आठला निघाले आणि पोचले तेव्हा उन्हं कलली होती. परत आल्यापासून जो भेटेल त्याला मी हे सांगत सुटले आहे. ऐकणारे आता घड्याळाकडे बघायला लागलेत, म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं.

निळी म्हणजे आमची स्कूटर. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी असलेल्या नलूताईने नोकरीत कायम झाल्यावर ती घेतली. गिअरची स्कूटर चालवणारी आमच्या गल्लीतली ती पहिली बाई. दर दसऱ्याला निळीची पूजा झाली की ताई मला मागे बसवायची, कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडायची, पलीकडे जाऊन गाडी वळवायची आणि म्हणायची, ‘झालं आपलं सीमोल्लंघन.’ खाडीच्या अलीकडे आमचं जग होतं आणि पलीकडे बाकी सगळं. लग्न होऊन ताई आंबिवलीला गेली तेव्हा निळी मला देऊन गेली. ‘सांभाळ’ म्हणाली नाही. ‘चालवत राहा’ म्हणाली.

यंदा वैशाखात ताई न्हाणीघरात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं, डॉक्टर म्हणाले आता चाला, घरात नवा कोरा वॉकर आला. ताई खोलीतल्या खोलीत चालायची आणि उंबऱ्यापाशी आली की परत फिरायची. असं पाच महिने. तिची सून पल्लवी फोनवर रडवेली व्हायची. आई घाबरल्यात, पण घाबरलेय असं म्हणत नाहीत, बाहेर ऊन आहे म्हणतात, चिखल आहे म्हणतात, कुत्री आहेत म्हणतात.

मी ताईला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, निळी अजून चालते का. मी म्हटलं, पळते. खरं तर ती चार महिने कव्हराखाली होती.

“मग दसऱ्याला घेऊन ये,” ती म्हणाली. “ती स्वतःच्या पायांनी माझ्या दारात आली, तर मी उंबरा ओलांडीन. टेम्पोत घालून आणलीस तर दोघी बाहेरच बसा.”

ताई अट घालते तेव्हा ती मोडायची नसते, हे मी वयाच्या पाचव्या वर्षी शिकले आहे.

नौपाडा

मी निळी दुरुस्तीला टाकली, नवं पेट्रोल भरलं, आणि नवरात्रात रोज संध्याकाळी तिला एक फेरी मारून आणली. ती तक्रार न करता चालली. मग आली खंडेनवमी, आणि माझी मती फिरली.

ताईचा नियम होता की निळीला फक्त ओलसर फडक्याने पुसायचं. पण मला वाटलं, एवढ्या वर्षांनी माहेरवाशीण जाते आहे तर न्हाऊमाखू घालून पाठवावी. इमारतीच्या नळाला पाइप लावला आणि बाजूचं झाकण काढून आतूनही धुतली. साबण लावून. वरून पुन्हा पाणी. मग नंबरप्लेटवर स्वस्तिक, पंख्याच्या जाळीवर कुंकू आणि फुलं, हँडलला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. गाडीच्या पोटात एक लहान पिशवी असते, तिच्यात प्लग काढायचा पाना, स्क्रूड्रायव्हर आणि पकड. तीही मी देव्हाऱ्यापुढे मांडली, हळदकुंकू वाहिलं आणि फुलं ठेवली. निळी उन्हात इतकी चकचकत होती की समोरच्या इमारतीतल्या बायका गॅलरीत येऊन बघून गेल्या.

दसऱ्याला सकाळी किक मारली तर नुसताच खस् असा आवाज. चाळीस किका मोजल्या, नंतर मोजायच्या सोडल्या. ताईच्या पद्धतीने तिला एका बाजूला तिरकी केली, सरळ केली, पुन्हा मारली. शेवटी नवा झब्बा घातलेल्या शेजाऱ्यांनी उतारावर ढकलत नेली आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडताच ती धक्के देत सुरू झाली. मी थांबले नाही, वळून आभारही मानले नाहीत. त्यांच्या झब्ब्यावर उडालेलं काळं पाणी मी आरशात पाहिलं.

माजिवड्याला तिला खोकला लागला आणि बाळकुम नाका ओलांडल्याबरोबर ती गप्प झाली. एका रिक्षावाल्याने आपणहून चौकशी केली. जुन्या स्कूटरी आता कोण करतो, असं तो स्वतःशीच म्हणाला आणि मग त्याला कोलशेतचं एक गॅरेज आठवलं. मी निळीवर बसले, त्याने रिक्षातून एक पाय बाहेर काढून तिच्या मागच्या बाजूला टेकवला आणि आम्ही तसेच ढकलत ढकलत निघालो. आवाज न करणाऱ्या स्कूटरवरून जाताना फार विचित्र वाटतं. झाडं, दुकानं, तोरणं सगळं संथपणे मागे सरकत होतं, आणि आपण झोपेत कुठेतरी चाललो आहोत असं मला वाटत होतं.

कोलशेत

उंच इमारतींच्या रांगा संपल्या की कोलशेतचं जुनं गाव अचानक सुरू होतं. घरं बुटकी, रंग गडद, आणि दारावर झेंडूच्या माळेत भाताच्या लोंब्या गुंफलेल्या. आमच्याकडे तोरणात नुसती आंब्याची पानं असतात, लोंब्या आम्ही चित्रात बघतो. इथे त्या ओल्या हिरव्या होत्या, नुकत्याच कुणीतरी शेताच्या उरलेल्या तुकड्यातून कापून आणलेल्या.

गॅरेज उघडं होतं, पण लाकडी टेबलावर तांबडं कापड अंथरून त्यावर सगळे पाने, हातोड्या, पकडी ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीवर कुंकवाचं बोट आणि एकेक फूल. गॅरेजवाला जयेश, चाळिशीचा, कपाळाला टिळा लावून खुर्चीवर बसला होता. त्याने निळी पाहिली आणि उठून उभा राहिला. मग दोन्ही हात पाठीमागे बांधले.

“मॅडम, हत्यारं पूजेला बसलीत. उद्या सकाळपर्यंत उचलायची नाय,” तो म्हणाला. “तुमच्याकडे प्लगचा पाना असंल ना?”

मी म्हटलं, माझाही देव्हाऱ्यापुढे बसलाय. तो हसला नाही. समजूतदारपणे मान हलवली.

मला राग आला. त्याचा नाही, माझाच. देवाला कशाला लागतात पाने, असं मी मनात म्हणत होते, आणि त्याच वेळी त्या तांबड्या कापडावरचा एकही पाना उचलायची माझी छाती झाली नसती. मी त्याला ताईचं सगळं सांगितलं. पाच महिने, उंबरा, अट. जयेशने ऐकून घेतलं आणि म्हणाला, त्याच्या चुलतभावाचा टेम्पो आहे. गाडी चढवू, आंबिवलीत ताईंच्या वळणाच्या अलीकडे उतरवू, तिथून ढकला. कोणाला कळतंय.

खरं सांगते, मी हो म्हणायच्या बेतात होते. तेवढ्यात पल्लवीचा फोन आला. ताईने पहाटेच आंघोळ केली होती, पाच महिन्यांनी गाऊन सोडून साडी नेसली होती आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसली होती. जेवायला वाढू का विचारलं तर म्हणाली, निळी आल्यावर. मी म्हटलं, रस्त्यातच आहे.

आतून जयेशचे वडील बाहेर आले. त्यांना सगळे आबा म्हणत. वय ऐंशीच्या पुढे, अंगात फक्त बनियन, पायांच्या टाचा पांढऱ्या आणि भेगाळलेल्या. ते तरुणपणी मिठागरावर कामाला होते. टेम्पोची गोष्ट त्यांनी दारातूनच ऐकली असावी.

“तुमची भैन आवाज वलखंल ना गारीचा?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, गल्लीच्या टोकापासून ओळखेल.

“मंग टेंपो नको. गारीन पानी गेलाय, त्याला जाव द्या.”

टेम्पोचा विषय तिथे संपला. जयेश म्हणाला, त्याला हात लावायला बंदी आहे, तोंड चालवायला नाही. तो सांगेल, मी करायचं. मग भर दुपारी, पैठणी नेसलेली मी, त्याच्या सांगण्याप्रमाणे जमिनीवर बसले. पेट्रोलचा कॉक बंद केला. बाजूचं झाकण हाताने निघालं. प्लगवरची काळी टोपी ओढून काढली तर तिच्या पोटात पाण्याचा एक टपोरा थेंब बसला होता. तो पाहून जयेशचे हात पाठीमागे इतके वळवळले की मला हसू आलं. आबांनी आपलं जुनं मऊ धोतर फाडून चिंधी दिली. तिने मी टोपी आतून पुसली, वायर पुसली, पुन्हा पुसली. मग आम्ही, म्हणजे मी आणि आबा, निळीला ढकलत घरामागे खाडीच्या बाजूला नेलं आणि दोन गोणपाटांवर एका कुशीवर हळूच निजवलं. पंख्याच्या जाळीतून पाणी ठिबकायला लागलं. ते कुंकवाने लाल झालं होतं आणि त्यातून झेंडूच्या पाकळ्या बाहेर येत होत्या. माझी भक्ती तिच्या नाकातोंडात गेली होती.

मी फुंकायला लागले तर आबांनी थांबवलं. फुंकरीतही पाणी असतं, म्हणाले. सध्या खाडीवरून येणारा वारा दमट आहे, तो दुपारनंतर फिरेल, कोरडा होईल, तोपर्यंत काही करायचं नाही. जेवून घ्यायचं.

घरात आबांच्या सुनेने पान मांडलं. आमच्याकडे दसऱ्याला श्रीखंड-पुरी, आणि ते खाल्लं की माणूस चार वाजेपर्यंत कामाचा राहत नाही. इथे तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, नारळ घातलेलं वालाचं बिरडं आणि गुळाची खीर. भाकरी इतकी पातळ आणि मऊ होती की तिसरी कधी संपली ते कळलं नाही. आग्रह असा कुणी करत नव्हतं. नुसती वाढत होती.

जेवल्यावर आबा आणि मी मागच्या ओट्यावर बसलो. समोर तिवरांची गर्द हिरवी किनार, तिच्यापलीकडे ओहोटीचा चिखल, त्यावर एका पायावर उभे बगळे. त्याच्याही पलीकडे धुरकट आकाशात बांधकामाच्या क्रेन जागच्या जागी थांबलेल्या, कारण त्यांनाही दसरा होता. आबा मिठागराबद्दल सांगत होते. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका कोंडीतून, म्हणजे मिठाच्या वाफ्यातून, दुसऱ्या कोंडीत सोडायचं, मग बसून राहायचं. उन्हाला आणि वाऱ्याला त्यांचं काम करू द्यायचं. उतावळा माणूस आधीच फावडं घालतो आणि त्याच्या मिठात चिखल येतो. आबा पहिल्या वर्षी तसंच करायचे. मग त्यांच्या वडिलांनी त्यांचे हात पाठीमागे बांधून कोंडीच्या कडेला उभं केलं होतं, दोन दिवस. हे सांगताना त्यांनी जयेशकडे पाहिलं.

मला डुलकी लागली असावी. कारण मी ताईच्या मागे बसले होते, माझे पाय फुटबोर्डपर्यंत पोचत नव्हते, आणि समोर पूल होता तो संपतच नव्हता. जाग आली ती गालाला काहीतरी वेगळं लागलं म्हणून. तिवरांची पानं उलट्या बाजूला कलली होती. वारा फिरला होता.

आबा उठून निळीपाशी गेले होते. तिच्या पंख्याच्या जाळीवर त्यांनी तळहात ठेवला होता आणि डोळे मिटले होते. आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवतात तसा. आणखी अर्धा तास त्यांनी मला काही करू दिलं नाही. मग म्हणाले, “आथा मार.”

आम्ही तिला उभी केली. टोपी बसवली, कॉक उघडला, चोक ओढला. पहिली किक, खस्. दुसरी, खस्. तिसरीला पोटातून एक गुरगुर आली, चौथीला पांढरा धूर सुटला आणि निळी तिच्या जुन्या, किंचित चिडक्या आवाजात बोलायला लागली. जयेशने पाठीमागचे हात सोडले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. चोक आत ढकला, असं त्याने मला दोनदा सांगितलं. आबांनी दारावरच्या माळेतून भाताची एक लोंबी काढून हँडलला बांधली आणि ती ताईला द्यायला सांगितली.

पूल

कशेळीच्या पुलावर मी वेग कमी केला. मागून सगळे हॉर्न वाजवत होते, वाजवू दिले. खाली पाणी परत भरत होतं, त्याच्यावर उन्हाचे तुकडे हलत होते, आणि वाळूच्या होड्या माळा घालून काठाला बांधल्या होत्या. इतकी वर्षं मी हा पूल पाठीच्या आडून पाहिला होता, ताईच्या पाठीच्या, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. आज तो सबंध समोर होता आणि मला तो आवडेना. पुढे कुणीतरी असायला हवं होतं.

पुलापलीकडे वळायची सवय हाताला होती, हँडल जरासं वळलंही. मी सरळ गेले. भिवंडीच्या बाजूची गोदामं, कोन गावची घरं, मग दुर्गाडीचा पूल आणि वर टेकडीवर नवरात्र संपल्यावरची शांत गर्दी. कल्याणात लोक एकमेकांना आपट्याची पानं देत रस्त्यातच उभे होते, त्यांच्यामधून वाट काढताना दोघातिघांनी मलाही सोनं दिलं. कोण, कुठली, काही विचारलं नाही. नौपाड्यात आम्ही सोनं ओळखीच्यांनाच देतो. मी पदरात पानं गोळा करत शहाडच्या पुढे आले.

आंबिवलीच्या अलीकडे एका ठिकाणी नदी दिसते. तिथे मी उगाचच थांबले. निळीचा चेहरा धुळीने माखला होता, तो पुसला, माळ सारखी केली, माझे केसही सारखे केले. पाणी पिवळं झालं होतं आणि काठच्या गवताची सावली त्याच्यावर लांब पडली होती. दिवसभरात पहिल्यांदा मला वाटलं की आपण जिंकलो. मग मी चोक ओढून एका किकेत गाडी सुरू केली आणि निघाले.

आंबिवली

ताईचं घर गल्लीच्या शेवटी आहे, तळमजल्यावर, रस्त्याला लागून छोटं अंगण. वळणावर मी मुद्दाम हॉर्न दिला. निळीने दोन आचके दिले, भुस्स केलं आणि ती बंद पडली. घर तीसेक पावलांवर होतं. उघड्या दारातून आतली खुर्ची दिसत होती, आणि खुर्चीतला हिरव्या साडीचा काठ.

ढकलत नेली तर अट मोडली. मी किक मारली. पुन्हा मारली. मला वाटलं, पाणी अजून आत आहे. म्हणून गल्लीच्या मधोमध बसून आबांच्या चिंधीने टोपी पुसली, वायर पुसली, आणि मग शहाण्यासारखी वाऱ्याची वाट पाहत उभी राहिले. वारा आला नाही. मी पुन्हा किका मारायला लागले, दात खाऊन, एकामागून एक. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि पैठणीला ग्रीस लागलं होतं. इतका दिवस, आणि शेवटी तीस पावलं.

टक् असा आवाज आला. पुन्हा टक्. मी वर पाहिलं.

ताई उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. वॉकर पुढे ठेवत, पाय ओढत, ओठ घट्ट मिटून ती अंगणातून येत होती. तिच्या मागे पल्लवी दोन्ही हात पुढे करून, पण तिला न शिवता, चालत होती. ताईच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ती भयंकर चिडली होती.

“मंजे, मारू नकोस तिला,” ती अंगणातूनच म्हणाली. “घरात वास येतोय पेट्रोलचा. चोक आत ढकललास का?”

मी खाली पाहिलं. चोक नदीपासून तसाच बाहेर होता. तिच्या नाकातोंडात सकाळी पाणी गेलं होतं, आता पेट्रोल. दोन्ही वेळा मीच घातलं होतं.

ताई माझ्यापर्यंत पोचली. धापा टाकत होती. तिने चोक अंगठ्याने आत दाबला, कॉक बंद केला आणि मला दुसऱ्या बाजूला व्हायला सांगितलं. मग तिने निळीचं हँडल धरलं, आधी एका हाताने, मग दुसऱ्या. आम्ही दोघींनी मिळून तिला तिरकी केली, लहानपणी करायचो तशी, मनात दहा आकडे मोजले आणि सरळ केली. ताई म्हणाली, कॉक बंदच असू दे, अॅक्सिलरेटर पूर्ण पीळ आणि आता मार, एकदाच, मनापासून.

मी मारली. निळीने काळा धूर सोडला, शिंकली आणि सुरू झाली. ताईने लगेच कॉक उघडला.

गाडीवर मी बसले नाही. पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, आम्ही तिला मध्ये घेऊन चालत निघालो. ताईचे दोन्ही हात हँडलवर होते. निळी थरथरत होती आणि तिच्याबरोबर ताईचे खांदेही. लोंबी तिच्या मनगटावर आपटत होती. मी रडत होते आणि ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. अंगणात पोचल्यावर मी म्हटलं, ताई, अट उलटी झाली. ती यायच्या आधी तू बाहेर आलीस.

ताईने मागे पाहिलं. दारातला उंबरा, अंगण, मग सबंध गल्ली. वॉकर गल्लीच्या टोकाला एकटाच उभा होता.

“पल्लवी, तो बाजूला घे,” ती म्हणाली. “रिक्षा अडेल कुणाची.”